शेजारी शेजारी 1 नको

आज एकच प्रश्न घेऊ. बुद्धिबळाच्या पटासारखा 8 × 8 चा पट आहे. प्रत्येक घरात 0 किंवा 1 लिहायचा. दोन 1 एकमेकांना लागून येता कामा नयेत, आडवे नाहीत आणि उभेही नाहीत. तिरके आले तर चालतील. असे पट किती?

नियम नसता तर उत्तर होते 2 चा 64वा घात, म्हणजे वीस अंकी संख्या. त्यातला एकेक पट काढून तपासणे संगणकालाही परवडणारे नाही.

म्हणून आधी एकच ओळ पाहू. तीन घरांच्या चालणाऱ्या ओळी पाच: 000, 100, 010, 001, 101. चार घरांच्या 8, पाच घरांच्या 13. प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. हीच मांडणी प्राचीन छंदशास्त्रकार विरहांकाने, आणि पुढे 1150च्या सुमारास हेमचंद्राने, मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना सांगितली होती. ओळीच्या शेवटी एक 0 जोडा. 10 ही जोडी म्हणजे दोन मात्रांचा गुरू, सुटा 0 म्हणजे एका मात्रेचा लघु. तीन घरांच्या पाच ओळींतून चार मात्रांचे पाचही प्रकार तयार होतात. गणित आणि छंद इतके एकजीव झालेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत.

आता 3 × 3 चा पट. पहिल्या ओळीत पाचांपैकी काहीही चालेल. दुसरी ओळ 000 असेल, तर तिच्या वर पाचही ओळी बसतात. 100 असेल तर तीन, 010 असेल तर चार, 001 असेल तर तीन आणि 101 असेल तर दोनच. बेरीज 17. तिसऱ्या ओळीसाठी पुन्हा तेच, फक्त आता 5, 3, 4, 3, 2 हे आकडे मिळवायचे. 000 ला 17, 100 ला 12, 010 ला 13, 001 ला 12, 101 ला 9. एकूण 63.

सगळी किल्ली इथेच आहे. नवी ओळ लिहिताना वरचा सगळा पट आठवावा लागत नाही, फक्त लगतची ओळ पुरते. आठ घरांच्या चालणाऱ्या ओळी 55 आहेत. एवढ्यावर काही हजार बेरजांत उत्तर हाती येते: 6,60,64,79,62,955. मात्र पट रुंदावला की ओळींची यादीही फुगते. वीस घरांच्या रुंदीला ती 17,711 होते.

पट वाढवत नेला, तर दर नव्या घरामागे पटांची संख्या सरासरी 1.50304808 पट होते. हा आकडा पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत काढलेला आहे, पण त्याचे नेमके सूत्र आजवर कुणालाही सापडलेले नाही. आणि नवल असे, की नियम थोडा कडक केला, म्हणजे दोनपैकी एका तिरक्या दिशेचे घरही शेजारी मानले, तर कोडे सुटते! ऑस्ट्रेलियाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉडनी बॅक्स्टर यांनी 1980 मध्ये ते सोडवले. ग्राफाइटवर चिकटणाऱ्या हेलियमच्या अणूंचे हे प्रारूप. त्याच्या उकलीत अनंत बेरजा आणि अनंत गुणाकार यांना जोडणाऱ्या रोजर्स-रामानुजन नित्यसमानता आपोआप अवतरल्या. तिथे घरामागचा आकडा 1.39548597, आणि तो नेमका मांडता येतो. शेजार जरासा बदलताच एक प्रश्न उलगडावा आणि दुसरा अडून राहावा, हे मला या विषयातले सर्वांत मोठे आकर्षण वाटते.

घरी गेल्यावर 4 × 4 चा पट नक्की करून पाहा. ओळी आठच आहेत, कागद-पेन्सिल पुरेल. उत्तर 1234 यायला हवे.