हाताशी असावी अशी कळ

मिरचीचे देठ खुडणाऱ्या आमच्या एका भगिनीचा मुलगा परवा सायकल दाखवावयास आला. फ्रीव्हील नाही, ब्रेकही काढलेले. म्हणाला, “पाय हाच ब्रेक!”

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. अशा सायकलीचे चाक फिरते तोवर पायडलही फिरते. पाय उलटा रेटला की वेग मोडतो. पुण्यास बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतातच. पण तेथे सारे एकाच दिशेने धावतात. आपल्या भिवापुरात उमरेडकडून ट्रक येतो, गल्लीतून पोर धावते.

शिवाय थांबताना भार पुढच्या चाकावर जातो. पाय मात्र मागचेच चाक अडवितात. साखळी उतरली, तर तेही नाही. म्हणून रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच.

यंत्राशी एकजीव होण्याची मौज आम्हांसही कळते. परंतु यंत्र थांबविण्याची कळ कामगाराच्या हाताशी असावी, हीच मागणी आम्ही आयुष्यभर केली. ती मागणारा भित्रा नव्हे. मग घरच्या पोरासाठी ती का मागू नये?