आधी डोळा, मग यंत्र
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय सांगितला, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज'. मी म्हटलं, अरे, समाजाचं मला काय कळतं? मी अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रे वाचणारा माणूस. तर म्हणाला, "मग त्याचंच सांग, पण लवकर आटप, पुढे जेवण आहे." तेव्हा जेवणाच्या आड न येता बोलतो.

२०१६ साली टोरांटोला जेफ्री हिंटन या शास्त्रज्ञाने भर सभेत सांगितलं, नवे रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. माणूस साधासुधा नाही, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. त्याची ती चित्रफीत मला दाखवली माझ्याच मुलीने. ती तेव्हा एमबीबीएसला होती आणि पुढे माझीच शाखा घ्यायची म्हणत होती. मी सीटी स्कॅनचं कर्ज नुकतंच काढलं होतं. तुम्ही हसताय, पण त्या रात्री मला झोप नव्हती.

आज दहा वर्षं होत आली. कर्ज फिटलं, मुलगी रेडिऑलॉजिस्ट झाली, आणि यंत्रही आलं. तिन्ही गोष्टी एकाच खोलीत नांदतात.

हे यंत्र म्हणजे काय, तर एक सॉफ्टवेअर. त्याला लाखो छातीचे एक्स-रे दाखवलेले असतात, यात आजार आहे, यात नाही, असं सांगून. त्यावरून ते स्वतःच ठोकताळे बसवतं. मग नवी फिल्म दिली की मिनिटभराच्या आत एक आकडा देतं आणि संशयाच्या जागेवर लाल-पिवळा रंग चढवतं.

याचा उपयोग कुठे, तर आमच्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. पूर्वी पाड्यावरच्या खोकणाऱ्या माणसाने तालुक्याला यायचं, फिल्म काढायची, ती माझ्याकडे यायची, अहवाल आठ दिवसांनी परत जायचा. तोवर तो माणूस द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघून गेलेला असायचा. आता हातात मावणारं एक्स-रे यंत्र आणि एक लॅपटॉप घेऊन लोक पाड्यावरच जातात. फिल्म संशयास्पद निघाली की तिथल्या तिथे थुंकीचा नमुना घेतात. पंधरा वर्षांवरील लोकांच्या क्षयरोग चाळणीत माणसाच्या जागी सॉफ्टवेअरने फिल्म वाचली तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केली आहे. जिथे रेडिऑलॉजिस्ट पोचतच नाही तिथे 'डॉक्टरची जागा यंत्राने घेतली' असं कोणी म्हणू नये. ती जागा रिकामीच होती.

आणि माझी एक चूकही सांगतो. हिवाळ्यातली संध्याकाळ, दिवसभरात शंभराच्या वर फिल्म झालेल्या. एका रिक्षावाल्याच्या फिल्मवर मी 'नॉर्मल' लिहून सही केली. सॉफ्टवेअर तेव्हा आम्ही नुसतं पडताळून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याने उजव्या हासळीच्या हाडामागे लाल ठिपका दिलेला. हाडाआड पुसटशी सावली होती. माणसाला परत बोलावलं. थुंकीत जंतू निघाले. त्याने माझे आभार मानले, आणि ते मी मुकाट्याने घेतले. आजपर्यंत हे कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात याच यंत्राने एका मुलीच्या छातीत भलंमोठं काहीतरी दाखवलं. ती तिची वेणी होती, खांद्यावरून पुढे आलेली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई इस्पितळातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं असं सॉफ्टवेअर फिल्म कुठल्या इस्पितळातली आहे हेच ओळखायला शिकलं होतं. तंत्रज्ञ कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात ना, तीसुद्धा त्याच्या उपयोगी पडली. दुसरीकडच्या फिल्म दिल्या की त्याचे गुण घसरायचे. थोडक्यात, मुलं पेपर फोडतात तसंच.

पण यंत्र चुकतं याची मला फारशी काळजी नाही, मीही चुकतो. काळजी आहे ती माझ्या हाताखालच्या पोरांची. फिल्म उघडली की त्यांची नजर आधी लाल रंगावर जाते. रंग नसला तर पुढची फिल्म. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राची मदत सुरू झाल्यावर, ज्या तपासण्या त्यांनी यंत्राविना केल्या, त्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ वर आलं. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, मान्य. पण हे मुरलेले डॉक्टर होते. ज्यांची नजर अजून घडलेलीच नाही त्यांचं काय?

इथे मला आपल्या जीवशास्त्राच्या बाई आठवतात. (बाई, आपण समोरच बसला आहात, उठू नका.) नववीत जास्वंदाची आकृती काढायची होती. मी पुस्तकातून सुबक पाच पाकळ्या काढल्या. बाईंनी माझ्या हातातलं फूल उचललं. "ही पाकळी अर्धी किड्याने खाल्लीय. तुझ्या वहीत अख्खी कशी?" आणि पानावर आडवी रेघ. मग पुस्तक मिटायला लावून, दिसतंय तेच काढून घेतलं. तेव्हा फार राग आला होता.

आता मीही तेच करतो. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांनी आधी फिल्म स्वतः बघायची, अहवाल लिहायचा, सही करायची. मगच रंग उघडायचा. यात वेळ जातो. व्यवस्थापनातले एक गृहस्थ मला विचारून गेले, "डॉक्टर, पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर तुम्ही झाकून का ठेवता?" मुलगीही कुरकुरते. म्हणते, "बाबा, रांगेत ऐंशी फिल्म आहेत, त्यातली एखादी तातडीची असेल तर?" तिचं चूक नाही. म्हणून रात्रीच्या पाळीत आणि अपघाताच्या रुग्णांना मी सूट दिली आहे. बाकीचं किती दिवस टिकवता येईल, बघू.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. तिघाजणांनी पिशवीतून एक्स-रे आणलेत, ते मी आल्याआल्याच पाहिलंय. जेवण झालं की खिडकीपाशी या, उजेड तिथे बरा आहे.