सीमा आणि उंबरठा
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



देशाची सीमा म्हटली की काटेरी कुंपण, पहारेकरी आणि कागदपत्रे तपासून घेणाऱ्यांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. पश्चिम युरोपात मोटारीने फिरणाऱ्या प्रवाशाला एरवी यांतले फारसे काही दिसत नाही. रस्त्याच्या कडेला निळ्या फलकावर ताऱ्यांच्या वर्तुळात पुढील देशाचे नाव येते, वेगमर्यादेचे आकडे बदलतात, दुकानांच्या पाट्यांवरची भाषा बदलते आणि देश बदललेला असतो. ही सहजता कशी आली आणि ती कशावर टिकून आहे, हे समजून घेण्यासाठी अशा प्रवासातील चार ठिकाणे पुरेशी आहेत.

पहिले ठिकाण नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील बार्ले हे गाव. मध्ययुगातील सरदारांच्या जमीनवाटपामुळे येथे बेल्जियमचे बावीस तुकडे नेदरलँड्सच्या भूमीत विखुरले आहेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात तुकडे आहेत. पदपथावर पांढऱ्या फुल्यांनी आखलेली सीमा घरांच्या आणि दुकानांच्या आरपार जाते. घराचा दर्शनी दरवाजा ज्या देशात, त्या देशाचे ते घर, अशी येथील प्रथा आहे. गावाला दोन महापौर आणि दोन नगरपालिका आहेत. पहिल्या महायुद्धात मात्र याच दोन देशांच्या सीमेवर जर्मन लष्कराने विजेचा प्रवाह सोडलेले कुंपण घातले होते आणि ते ओलांडताना अनेकांनी प्राण गमावले. आज तेथे रेषा आहे तशीच आहे. तिच्याशी वागण्याची रीत तेवढी बदलली आहे.

ही रीत कागदावर आली ती शेंगेन या लक्झेंबर्गमधील छोट्या गावी. मोझेल नदीकाठचे हे गाव फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा मिळतात तेथे वसले आहे. १४ जून १९८५ रोजी नदीतील एका नौकेवर बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि तत्कालीन पश्चिम जर्मनी या पाच देशांनी करारावर सह्या केल्या. परंतु सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात थांबायला मार्च १९९५ उजाडावे लागले. मधली दहा वर्षे बाहेरच्या सीमांची राखण, सामायिक व्हिसा, पोलिसांचे परस्पर सहकार्य आणि माहितीची देवाणघेवाण यांच्या तपशिलांत गेली. आज एकोणतीस देश या व्यवस्थेत आहेत. भारतीय पर्यटकाला एकाच व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते. मात्र कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा असते आणि पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा लागतो. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत असले तरी युरोपीय संघाच्या जकातक्षेत्राबाहेर असल्याने तेथे सामानाची तपासणी होऊ शकते.

शेंगेनहून आग्नेयेस गेले की ऱ्हाईनकाठी स्ट्रासबुर्ग लागते. पालकांनी आवर्जून विचार करावा असे हे शहर आहे. १८७० मध्ये येथे जन्मलेल्या माणसाने पंचाहत्तरी गाठली असेल, तर त्याचे राष्ट्रीयत्व चार वेळा बदलले: १८७१ मध्ये जर्मन, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच, १९४० मध्ये पुन्हा जर्मन आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रेंच. त्यासाठी त्याला आपले घर सोडावे लागले नाही. सीमाच त्याच्या अंगावरून पुढेमागे सरकत राहिली. प्रत्येक वेळी शाळेची भाषा बदलली. काल वर्गात शिकवली जाणारी भाषा आज संशयास्पद ठरली आणि घरात बोलली जाणारी आल्सेशियन बोली मुलांनी शाळेच्या दाराबाहेर ठेवावी, अशी अपेक्षा वाढत गेली. बोलीची परंपरा क्षीण होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. आता २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केलपर्यंत जाते. जुन्या शहरात रस्त्यांची नावे फ्रेंचबरोबर आल्सेशियनमध्येही लिहिली आहेत आणि काही शाळांत निम्मे तास फ्रेंच, निम्मे तास जर्मन असे शिक्षण मिळते. पूल लोखंडाचा असो वा भाषेचा, त्याला दोन्ही काठांवर भक्कम आधार लागतो.

शेवटचे ठिकाण इटली आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेवरचे. १९४७ मध्ये नवी सीमा आखली गेली तेव्हा गोरिझिया शहर इटलीत राहिले आणि त्याचे एक रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियात गेले. पलीकडच्या बाजूला नोव्हा गोरित्सा हे नवे शहर वसवले गेले. स्थानकासमोरच्या चौकातील कुंपण २००४ मध्ये निघाले, २००७ च्या डिसेंबरात तपासणीही थांबली आणि २०२५ मध्ये ही दोन शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. पण २०२० च्या साथीत त्याच चौकात पुन्हा कुंपण उभे राहिले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर. करारात तात्पुरत्या तपासणीची तरतूद आहेच. म्हणजे एकदा मोकळी झालेली वाट कायमची मोकळी राहते असे नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने राखावी लागते.

परप्रांतात साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. येथील मुले रोज दोन भाषांमधला उंबरठा ओलांडतात: घरात एक, बाजारात दुसरी. आल्सासच्या मुलांना घरची भाषा दाराबाहेर ठेवावी लागली. या शाळेच्या मुलांना तसे करावे लागले नाही, कारण पालकांच्या तीन पिढ्यांनी शाळेला साथ दिली आणि या प्रांताने तिला जागा दिली. त्या प्रांताची भाषाही मुलांनी तितक्याच आस्थेने शिकावी आणि आपली मराठीही पुढच्या पिढीच्या हाती सोपवावी. हीरक महोत्सवानंतरच्या वर्षांत पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढचे काम हेच आहे.