पोरगं पडलं, तर आपण आधी काय बोलतो?



विहाराच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोलायची संधी दिली, त्याबद्दल समितीचे आभार. आम्ही आयुष्यभर पोरं शिकवली. त्यामुळे फार मोठं सांगणार नाही, घरातलंच बोलणार आहोत.

निकालाचा दिवस आठवा. पोरगं नापास झालं की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? "तुझ्या डोक्यात शेण भरलंय. घे आता कोयता!" बोलणारा घटकाभरात विसरतो. ऐकणारं पोरगं मात्र विसरत नाही. ते एका विषयात पडलेलं असतं, आपण त्याला जन्माचं नापास करून टाकतो.

आपल्या उमापूरच्या, गेवराई तालुक्याच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. आई-बापाबरोबर पोरंही जातात. पट्टा पडल्यावर परत येतात, तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. अशीच एक मुलगी आमच्या वर्गात होती. फडावरून आली अन् दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला वाचायला उभं केलं. ती अडखळली, वर्ग हसला. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. चूक तिची नव्हती, आमची होती.

आम्ही तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "गुरुजी, तिला काही येत नाही, कशाला पाठवू?" आम्ही विचारलं, "मोळ्या कोण मोजत होतं?" "तीच की!" "मग गणित येतं की तिला!" पोरगी पहिल्यांदा हसली. मग रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास, एकच उतारा. आधी आम्हाला, मग घरी आजीला वाचून दाखवायचा. दोन महिन्यांनी तिनं स्वतःहून वर्गात हात वर केला. ती पुढे कलेक्टर झाली नाही. पण दहावी झाली, आणि आपल्या लेकरांचा अभ्यास आता स्वतः घेते.

आपण घराघरात बाबासाहेबांचा फोटो लावतो. पदव्या सांगतो, पण त्यामागची अडचण पोरांना सांगत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी सुधारून लिहायला सांगितला. खिशात पैसे नव्हते. ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहिला, पण आपले निष्कर्ष सोडले नाहीत. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. पोरांना हे सांगा. काम परत आलं म्हणजे माणूस परत गेला, असं होत नाही. आणि हेही सांगा, की बाबासाहेबांनासुद्धा मदत लागली होती. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आई-बापांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, निकालाच्या दिवशी पोराला आधी जेवू घालावं. त्या दिवशी हिशेब नको, शेजारच्या पोराशी तुलना तर नकोच. दुसरी, दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावं, "नेमकं कुठं अडलं?" "अभ्यास केला नाही" हे उत्तर नव्हे. अपूर्णांक अडले की इंग्रजीचं वाचन, ते शोधावं. तिसरी, लहान काम द्यावं आणि ते जमलं की नाव घेऊन सांगावं. नुसतं "शाब्बास" नको. "काल तीन गणितं चुकली होती, आज एकच चुकलं," असं सांगावं. खोटं कौतुक पोरांना लगेच कळतं.

आणखी एक. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो. पूर्वी ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास होऊ लागली. म्हणून निकालाच्या दिवशी पोरीचं लग्न ठरवायची अन् पोराला टोळीत घालायची घाई करू नका.

या विहारात संध्याकाळी वंदनेनंतर दिवा चालूच असतो. त्याच उजेडात शिकलेल्या पोरांनी तासभर बसून लहानांचं वाचन घ्यावं, एवढीच आमची मागणी आहे. पडलेल्या पोराला हात देणारं माणूस गल्लीतच असलं पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!