अम्मीचा गुडघा, वजन आणि आपण
(नंदुरबार येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदललेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. तरी हा विषय तुमचाच आहे, कारण ऑपरेशन अम्मीचं असलं तरी नंतरचे तीन महिने तुमचेही असतात.

आपण ‘वाटी बदलली’ म्हणतो. खरं तर हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतात आणि मधे प्लास्टिकचा थर घालतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये बदलला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी होती. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

आता वजनाचं. गुडघेदुखी असलेल्या वजनदार वृद्धांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पाच किलो उतरले तर वीस किलोंचं ओझं कमी. काहींचं ऑपरेशन यानेच लांबणीवर पडतं.

ऑपरेशननंतर वजनाने दोन गोष्टी होतात. बीएमआय ४० च्या वर असेल, म्हणजे दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन नव्वद किलोंहून जास्त असेल, तर जखम चिघळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सोबत मधुमेह असेल तर आणखी. पण दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: वजनदार रुग्णांचंही दुखणं ऑपरेशनने चांगलं कमी होतं. म्हणूनच २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी सांगितलं की केवळ ठरावीक बीएमआय गाठण्यासाठी ऑपरेशन अडवून ठेवू नये. साखर मात्र आधी आटोक्यात आणावी.

‘आधी वजन कमी करा’ एवढंच ऐकून बाई घरी परतते. कसं करायचं, हे तिला कोणी सांगत नाही. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन वाढतं, आणि वर घरातच चेष्टा. आपल्या मोहल्ल्यात बाईने सकाळी एकटीने फिरायला जावं, अशी जागा आणि मोकळीक किती आहे? लठ्ठपणा हा तिचा गुन्हा नाही.

उपाशी राहूनही उपयोग नाही. त्याने मांडीचा स्नायू झिजतो, आणि नवा गुडघा पेलायचा असतो तो त्याच स्नायूला. आपल्या जिल्ह्यात किडकिडीत, अशक्त रुग्णही आहेत. त्यांच्याही जखमा उशिरा भरतात. दादरची भाकर खा, पण सोबत डाळ, अंडी, मासे हवेत. कमी करायचं ते चहातली साखर, खारी, तळण आणि दावतीतलं दुसरं ताट.

तुमचं काम सोपं आहे. ऑपरेशनआधीच अम्मीकडून मांडीचे व्यायाम करून घ्या. नंतर बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. घाबरून तिला खाटेवर झोपवून ठेवू नका. गुडघ्याखाली उशी ठेवू नका, त्याने पाय वाकडा राहतो. कमोडची सोय करा. नमाज खुर्चीवर होऊ शकते. ताप आला, जखमेतून पाणी आलं, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि व्यायाम करून घ्यायचं काम फक्त बहिणीवर किंवा सुनेवर ढकलू नका. मुलांनीही रोज वीस मिनिटं अम्मीजवळ बसावं. आज घरी गेल्यावर तिला विचारा, जिना चढताना दुखतं का? ती ‘काही नाही’ म्हणेल. दोन पायऱ्या तिच्यासोबत चढून पाहा.