हौद सोडा, नदीत उतरा

 

अध्यक्षीय भाषणाच्या प्रथेप्रमाणे आढावा घेतो. पाण्यात एकमेकांना जोडल्या जाणाऱ्या आणि पुन्हा सुट्या होणाऱ्या यंत्रांवर जगभर काम चालू आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्क यिम यांच्या गटाची ‘मॉडबोट’ एकाच मोटरवर पोहते. मोटर मागेपुढे झुलते, पंख आपोआप उघडतात-मिटतात आणि होड्या चुंबकांनी एकमेकींना धरतात. नॉर्वेत ‘ईल्यूम’ हे सापासारखं सांधेदार यंत्र आहे. आपल्या शेजारी गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ ही स्वयंचलित पाणबुडी घडवली. तिचं नाक बदलून वेगळे संवेदक बसवता येतात.

आढावा इथेच थांबवतो. कित्येक वर्षं मनात साचलेलं आज बोलायचं आहे.

आपले बहुतेक प्रयोग हौदात होतात. या अधिवेशनात जे निबंध ऐकले त्यांतलं गणित चोख आहे, पण त्यांतलं पाणी स्थिर आणि नितळ, आणि मोटरचा रेटा म्हणजे एक ठरलेला आकडा. समोरून प्रवाह आला की तोच पंखा तेवढ्याच फेऱ्यांत कमी रेटा देतो, हे त्या गणितात कुठे आहे? खरी नदी पाहा: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली. उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. अशा वेळी जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या, तोंडाशी काय अडकलं आहे हे पाहायला माणूस उतरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तिथे यंत्रच उतरायला हवं. पण आपलं यंत्र उतरलं तर गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसणार नाही आणि पंख्यात जलपर्णीची मुळं गुंतणार.

जोडलेल्या यंत्रातल्या सगळ्या घटकांचा मेंदू एकच असावा की प्रत्येकाचा स्वतंत्र, यावर काल इथे वाद रंगला. त्यावर एक अनुभव सांगतो. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं नदीकाठच्या पंपांवर गेली. एका जॅकवेलमध्ये दोन पंप शेजारी होते. एकेकटे चालवले की दोन्ही पुरेपूर पाणी द्यायचे. दोन्ही लावले की पहिला थरथरायचा, एअर धरायचा. पंप उघडून पाहिला, दोष सापडेना. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या फिटरने आवाज ऐकूनच सांगितलं, दुसऱ्याने फिरवलेलं पाणी याच्या तोंडात जातंय. मध्ये भिंत घातली आणि थरथर गेली. जोडलेल्या होड्यांत अशी भिंत घालता येत नाही. शेजाऱ्याने ढवळलेलं पाणी प्रत्येक घटकाला स्वतःच जाणवायला हवं, आणि लांबच्या मेंदूकडून हुकूम येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मी स्वतंत्र मेंदूच्या बाजूचा. प्रत्येक घटकाला आधी स्वतःचा दाबमापक द्या.

तो फिटर आज नाही. त्याच्यासारखे कान असलेली माणसं अजून आपल्या गावात आहेत, आणि त्यांना अशा सभांना कुणी बोलावत नाही, याची मला खंत आहे.

हौद सोडायचा तर नदीकाठी एक कायमचा चाचणी-घाट उभारायला हवा. जागा, पैसा, परवानग्या यांचं कार्यकारिणीने पाहावं. अध्यक्ष म्हणून माझा ठराव एवढाच: पुढच्या अधिवेशनात केवळ हौदातल्या चाचणीवर लिहिलेला एकही निबंध स्वीकारू नये.