घरच्या सुतारखोलीतला भुसा : पकडायचा कुठे आणि कसा

मी मूळचा साताऱ्याकडचा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून लष्करी नोकरी सुरू केली, देशभर फिरलो आणि निवृत्तीनंतर नोएडाच्या अरुण विहारमध्ये स्थायिक झालो. सुतारकाम हा माझा छंद. घराच्या मागच्या बाजूला दहा बाय दहाची एक खोली आहे, तिथे माझी सगळी हत्यारं. आजचा विषय त्या खोलीतला भुसा. विषय फार आकर्षक नाही, याची मला कल्पना आहे. पण मी तो का निवडला, हे सांगितल्यावर तुम्ही शेवटपर्यंत ऐकाल असं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. मुलगी आणि नात पुण्याहून आल्या होत्या. नात सहा वर्षांची, तिला बालदम्याचा त्रास आहे. तेव्हा दिल्लीची हवा कशी असते, ते तुम्ही बातम्यांत पाहताच. आम्ही खिडक्या बंद केल्या, दोन एअर प्युरिफायर लावले. ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण वाढल्यावर लागू होणाऱ्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला होता. तरी समोरच्या गल्लीत कोणाचं तरी बांधकाम चालूच होतं. मी तिथे जाऊन लष्करी आवाजात दोन शब्द सुनावून आलो. आणि घरी येऊन काय केलं? नातीसाठी पुस्तकांचं कपाट करत होतो, त्याच्या एमडीएफच्या फळ्या घासायला बसलो.

नातीचा खोकला वाढत गेला. मी दिल्लीच्या हवेला शिव्या घालत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुमचं मशीन सुरू झालं की अर्ध्या तासात तिचा खोकला सुरू होतो. जरा बघा ना." मला ते पटलं नाही. मधलं दार तर मी बंद ठेवत होतो. तरी मुलीने हवेची धूळ मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. सकाळी आमच्या हॉलमध्ये पीएम २.५ चा आकडा ९० च्या आसपास होता, बाहेर अडीचशे. मी अर्धा तास सँडर चालवला. हॉलमधला आकडा चारशेच्या वर गेला. सुतारखोलीत यंत्र ९९९ वर जाऊन थांबलं, कारण त्यापुढे त्याला मोजताच येत नव्हतं. हे यंत्र काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण तेवढा इशारा पुरेसा होता. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. बाहेरच्या हवेपेक्षा वाईट हवा मी स्वतःच्या घरात तयार करत होतो, आणि तीही नातीचं कपाट करण्यासाठी.

तेव्हापासून मी जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. जमिनीवर पडलेला भुसा आणि रंध्याच्या ढलप्या दिसतात, म्हणून आपण त्या झाडतो आणि खोली स्वच्छ झाली असं समजतो. ढलप्यांनी फार तर पाय घसरेल. छातीला त्रास देते ती न दिसणारी धूळ. दहा मायक्रॉनहून बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात आणि त्याहून बारीक ते फुप्फुसात खोलवर जातात. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

लाकडाची धूळ 'नैसर्गिक' असते, तिने काय होणार, असं बरेच जण म्हणतात. ब्रिटनमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे बरेच रुग्ण फर्निचर कारखान्यांतले कामगार आहेत, हे १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मी हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांचा अभ्यास १९६८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. माणसात कर्करोग निर्माण करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. एमडीएफ आणि प्लायच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं, तेही त्याच गटात आहे.

घाबरू नका. ते कामगार वर्षानुवर्षं, दिवसभर त्या धुळीत असायचे. रविवारी दोन तास काम करणाऱ्या छंदिष्टाचा धोका तेवढा नाही. पण दमा आणि ॲलर्जी वर्षानुवर्षं थांबत नाहीत, त्यांना एक दुपार पुरते. सागाचं आपल्याला मोठं कौतुक. दिल्लीच्या नव्या संसद भवनातला सागही नागपूरहून आला. पण सागाच्या आणि शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, हे जुन्या सुतारांना ठाऊक असतं.

आता किती धूळ म्हणजे जास्त? ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. माझी खोली साधारण २५ घनमीटरची. म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेत ७५ मिलिग्रॅम, एका चिमटीतल्या मिठापेक्षाही कमी. एक फळी घासली की मूठभर धूळ निघते. त्यातली चिमूट जरी निसटली, तरी मर्यादा ओलांडली. म्हणून धूळ हवेत गेल्यावर तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. ती जिथे तयार होते तिथेच, हत्याराच्या तोंडाशी, पकडली पाहिजे. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

लष्करात संरक्षणाच्या फळ्या एकामागे एक लावतात. इथेही चार फळ्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

पहिली फळी : धूळ कमी तयार करा. खडकीत आमचे एक उस्ताद होते, कोल्हापूरकडचे हवालदार. ते म्हणायचे, "साहेब, ढलपी पडली पाहिजे. भुसा पडला म्हणजे हत्यार बोथट." धारदार रंधा लांब, पातळ ढलप्या काढतो. त्या खाली पडतात, हवेत जात नाहीत. रंधा आणि लोखंडी पत्तीचा स्क्रेपर नीट वापरला, तर पॉलिशपेपरचं निम्मं काम वाचतं. एमडीएफ आणि प्लाय मी आता दुकानातूनच मापाने कापून आणतो.

दुसरी फळी : तोंडाशी पकडा. त्यासाठी मी ओल्या-सुक्या कामाचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. पहिल्याच खरेदीत फसलो. त्याची कापडी पिशवी भुसा धरायची आणि बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीभर फवारायची. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत आडवा धरला, तेव्हा ते दिसलं. ही टॉर्चची परीक्षा तुम्हीही जरूर करा, तिला खर्च नाही. आता त्यात हेपा फिल्टर आहे.

पण हेपा फिल्टर भुशाने लगेच तुंबतो. म्हणून मध्ये सायक्लोन हवा. प्लास्टिकचं एक नरसाळं असतं, ते रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवायचं. हवा त्यात गोल फिरते, जड भुसा भिंतीला लागून बादलीत पडतो आणि जवळजवळ स्वच्छ हवा पुढे फिल्टरकडे जाते. झाकण मात्र हवाबंद पाहिजे. बारीकशी फट राहिली तरी खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो. माझं हे झाकण तीनदा उघडून पुन्हा सील करावं लागलं. आणि बादली पाऊण भरली की रिकामी करायची.

पाइप आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा. सँडरच्या कागदावरची भोकं सँडरच्या भोकांशी जुळली पाहिजेत, नाहीतर व्हॅक्यूम नुसता आवाज करतो. जाळीचा कागद मिळाला तर उत्तम. टेबल सॉ असेल तर खालून आणि पात्याच्या वरून, दोन्हीकडून ओढायची सोय हवी. व्हॅक्यूम हत्याराआधी सुरू करा, हत्यार बंद झाल्यावर दहा सेकंदांनी थांबवा. मोठा प्लेनर चालवणार असाल, तर त्याच्या ढलप्यांनी व्हॅक्यूमचा पाइप बुजतो. तिथे चार इंची पाइपचा, भरपूर हवा ओढणारा डस्ट कलेक्टर लागतो. घेताना त्याची पिशवी किती मायक्रॉनची आहे ते विचारा. ३० मायक्रॉनची पिशवी म्हणजे बारीक धुळीला उघडं दार.

तिसरी फळी : निसटलेल्या धुळीसाठी खोलीची हवा गाळा. मी चौकोनी पंख्याला चारी बाजूंनी फिल्टर चिकटवून एक डबा केला आहे. २०२० मध्ये अमेरिकेत ही सोपी रचना लोकप्रिय झाली, तिला कॉर्सी-रोझेन्थल बॉक्स म्हणतात. काम संपल्यावर तो तासभर चालू ठेवतो. मधल्या दाराला रबराची पट्टी लावली, खालच्या फटीला ब्रश लावला. एक्झॉस्ट पंखाही आहे. त्यामुळे हवा घरातून सुतारखोलीकडे जाते, उलट येत नाही. पण फक्त एक्झॉस्टवर भागवू नका. नाहीतर आपली धूळ शेजाऱ्याच्या खिडकीत जाते, आणि बांधकामवाल्याला सुनावण्याचा हक्क आपण गमावतो.

चौथी फळी : मास्क. बहुतेक लोक इथून सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो, पलीकडच्या खोलीतल्या नातीला नाही. पण घाला जरूर. एन-९५, कडा चेहऱ्याला घट्ट. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. आणि हत्यार बंद झालं की लगेच मास्क काढू नका, कारण धूळ अजून हवेतच असते. मी झाडलोट होईपर्यंत काढत नाही.

झाडलोटीबद्दलही सांगतो. सुक्या केरसुणीने झाडू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. बसलेली धूळ त्याने पुन्हा उठते. व्हॅक्यूमने ओढा आणि ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे त्याच खोलीत काढून ठेवा. साध्या लाकडाच्या ढलप्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतात सुका थर म्हणून छान चालतात. एमडीएफ आणि प्लायचा भुसा मात्र खतात नको, आणि जाळायचा तर मुळीच नाही. एनसीआरमध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहेच. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी भुशाच्या बादलीत टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर उलगडून वाळवा.

आता शेवटचं. कीर्तीनगरच्या बाजारात मी लाकूड आणायला जातो. तिथले मिस्त्री दिवसभर प्लाय कापतात, तोंडाला फार तर गमछा असतो. गमछ्याने ही बारीक धूळ अडत नाही. आणि तुमच्या घरी कपाटं करायला येणारा मिस्त्री? महिनाभर तो तुमच्याच बंद खोलीत धूळ खातो. त्याच्यासाठी ना ग्रॅप, ना प्युरिफायर. हाय विकमच्या कामगारांची गोष्ट माझ्यापेक्षा त्याला जास्त लागू आहे. त्याला हातात एन-९५ ची पाकिटं द्या, घरचा व्हॅक्यूम त्याच्या मशीनला जोडून द्या, कापायचं काम गच्चीवर काढा. तो म्हणेल, "साहब, आदत है." मी गेल्या वर्षी आमच्या मिस्त्रीला काही न बोलता टॉर्चचा झोत दाखवला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मास्क स्वतः मागून घेतला.

नात या जानेवारीत पुन्हा आली होती. मी सुतारखोलीत काम करत होतो आणि ती हॉलमध्ये त्याच कपाटातली पुस्तकं वाचत बसली होती. यंत्राचा आकडा पंधराएकने वाढला, तेवढाच. रात्री ती शांत झोपली. तिच्या खोकल्याचं कारण फक्त माझा भुसा होता, असा दावा मी करणार नाही, मी डॉक्टर नाही. पण माझ्या हातात जेवढं होतं, तेवढं मी केलं.

तुमच्या खोलीत आज रात्री टॉर्च लावून बघा, आणि काय दिसलं ते कळवा. नमस्कार, जय हिंद.